कुरेनेची स्थापना मी पुढे ढकलली

ग्रीकांनी भूमध्य समुद्राच्या काठाने वसवलेल्या शहरांमध्ये कुरेने माझं सगळ्यात लाडकं. आजच्या लिबियाच्या ईशान्येला जबल अखदर नावाचं हिरवं पठार आहे. त्यावर, शहात गावाला लागून, या शहराचे अवशेष पसरलेले आहेत. शुभवर्तमान वाचलेल्यांना येशूचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन आठवेल, तो इथला. शिमोनाच्याही साडेसहाशे वर्षं आधी ग्रीक माणूस या पठारावर चढला. ती कथा मी व्याख्यानांत, लेखांत आणि जेवणानंतरच्या गप्पांत इतकी वर्षं रंगवून सांगत आलो की ती मला तोंडपाठ आहे. आता मात्र ती पूर्वीसारखी सांगवत नाही.

पूर्वी माझा सूर असा असे: दुष्काळाने गांजलेल्या खडकाळ बेटावरची मूठभर पोरं दोन जहाजं घेऊन अनोळखी किनाऱ्यावर उतरतात, हाल सोसतात, हटत नाहीत, आणि ओसाड रानात शहर उभं करतात. पृथ्वीचा घेर मोजणारा एराटोस्थेनिस याच शहरात जन्मला. कवी कॅलिमाकसही इथलाच. अशा गावाचा आरंभ भव्यच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. इ.स.पूर्व ६३१ हे साल मी फळ्यावर ठसठशीत लिहायचो, खाली दोन रेघा मारायचो.

मूळ हकिकत हिरोडोटसच्या चौथ्या पुस्तकात आहे. थेरा म्हणजे आजचं सँटोरिनी. तिथला म्हातारा राजा ग्रिनस कसल्याशा कामासाठी डेल्फीला गेला, तर ॲपोलोच्या पुजारिणीने भलतंच सांगितलं: लिबियात जाऊन शहर वसव. राजा म्हणाला, माझं वय झालं, हलणंही जड जातं. या तरुणांपैकी कुणाला तरी सांग. असं म्हणून त्याने सोबतच्या बॅटसकडे बोट दाखवलं. सगळे घरी परतले आणि देवाचं बोलणं विसरून गेले. लिबिया नेमका कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग थेरावर सात वर्षं पाऊस पडला नाही. बेटावर एक झाड सोडून सगळी झाडं वाळली. पुन्हा डेल्फी, पुन्हा तोच निरोप.

आता वाट दाखवणारा माणूस शोधायला हवा होता. तो क्रीटमधल्या इटानोस गावी सापडला. कोरोबिअस त्याचं नाव. जांभळ्या रंगासाठी समुद्रातल्या शिंपल्या काढणं हा त्याचा धंदा. वाऱ्याने भरकटून तो एकदा लिबियाजवळच्या प्लाटेआ बेटाला लागला होता. थेराकरांनी पैसे देऊन त्याला बरोबर घेतलं, बेट पाहिलं, काही महिन्यांचा शिधा देऊन त्याला तिथंच बसवलं आणि बातमी द्यायला स्वतः घरी गेले. ठरल्या वेळी कुणी परतलं नाही. शिधा संपत आला. कोलाइओस नावाच्या सामोसच्या एका तांडेलाचं जहाज योगायोगाने तिथे लागलं आणि त्याने वर्षभराचं अन्न ठेवलं, म्हणून हा माणूस जगला. स्थापनेच्या कथेत या कोरोबिअसचं पुढे काय झालं याची कुणी वास्तपुस्त करत नाही. मीही कधी केली नव्हती.

इथवरची कथा मी जशीच्या तशी सांगायचो. पुढचा भाग मात्र घाईने उरकायचो, कारण तो माझ्या सुराला मानवत नव्हता. थेराच्या सातही विभागांतून, भावाभावांत चिठ्ठी टाकून, एकेकाला काढलं गेलं. पन्नास वल्ह्यांची दोन जहाजं निघाली. फार तर दोनशे माणसं मावतील. ती लिबियाला गेली, काय करावं ते कळेना, म्हणून परत थेराला आली. तेव्हा बंदरावर उभ्या असलेल्या थेराकरांनी त्यांच्यावर मारा केला. जमिनीवर पाऊल ठेवू दिलं नाही. आल्या वाटेने परत जा, असं बजावलं. मारा करणारे त्यांचेच बाप आणि भाऊ होते.

हे वाचूनही मी वर्षानुवर्षं ‘धाडसी तरुण’ म्हणत राहिलो. चिठ्ठी निघाली म्हणून जहाजावर चढवलेल्या आणि परत येताच मारा करून हाकललेल्या माणसाला धाडसी म्हणावं की अडकलेला, याचा विचार मी शिलालेख नीट वाचेपर्यंत केला नाही.

हा शिलालेख कुरेनेतच, विसाव्या शतकात इटालियनांनी केलेल्या उत्खननात मिळाला. संगमरवरी दगड आहे, कोरलेला इ.स.पूर्व चौथ्या शतकात. म्हणजे त्यात सांगितलेल्या घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. त्यावर निघणाऱ्या आणि मागे राहणाऱ्या थेराकरांनी मिळून घेतलेल्या शपथेचा मजकूर आहे. घरटी एक मुलगा जाईल. नगराने पाठवलं असताना जो जाणार नाही त्याला मृत्युदंड आणि त्याची मालमत्ता जप्त. त्याला लपवणाऱ्यालाही तीच शिक्षा, मग तो बाप मुलाला लपवत असो की भाऊ भावाला. पाच वर्षं हालअपेष्टा काढूनही जम बसला नाही तर निर्धास्त परत यावं, जमीनजुमला आणि नागरिकत्व शाबूत राहील. शेवटी त्यांनी मेणाच्या बाहुल्या केल्या आणि जाळल्या. शपथ मोडणारा, त्याची मुलंबाळं आणि त्याची मालमत्ता या बाहुल्यांसारखी वितळून जावी, असा शाप पुरुष, बायका, मुलगे, मुली सगळ्यांनी एकत्र उभं राहून उच्चारला.

वितळणाऱ्या मेणाचा हा भाग श्रोत्यांना फार आवडतो. सभागृह चिडीचूप होतं. मी त्यावरच थांबायचो, आणि त्याच्या अलीकडे एक कलम आहे ते सोडून द्यायचो. कलम असं: वसाहत टिकली, तर नंतर लिबियात येणाऱ्या नातलगांना नागरिकत्व मिळेल, अधिकारपदं मिळतील, आणि ज्या जमिनीला मालक नाही तिच्यातला वाटा मिळेल.

जबल अखदरवर मालक नसलेली जमीन कुठली होती?

हा मजकूर खरोखर सातव्या शतकातला आहे की चौथ्या शतकात जुळवलेला, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत आणि दोन्हीकडे वजनदार माणसं आहेत. मी पूर्वी तो अस्सल मानणाऱ्यांत होतो. आता मला तो बराचसा नंतरचा वाटतो, आणि त्याचं कारण दगडावरच आहे. शपथेच्या आधी लिहिलंय की हा ठराव कशासाठी झाला: थेराकरांना कुरेनेत समान नागरिकत्व हवं होतं, आणि क्लेउडामास नावाचा माणूस तशी मागणी घेऊन उभा राहिला होता. मागणी करणारे जुना करार काढून दाखवणारच, आणि त्यात त्यांच्या सोयीची कलमं असणारच. जमिनीचं कलम त्यांपैकीच. पाच वर्षांनी सुखाने परत या म्हणणारं कलम आणि हिरोडोटसचा बंदरावरचा मारा, या दोन गोष्टी एका घटनेच्या असूच शकत नाहीत. दोन्हींपैकी एक निवडायची झाली तर मी मारा निवडेन. आपल्याच पूर्वजांना लाज आणणारी गोष्ट कुणी उगाच रचून ठेवत नाही.

आता लिबियन लोकांकडे येतो, कारण मत बदललं ते खरं तिथे.

परत फिरवलेले लोक प्लाटेआ बेटावर दोन वर्षं राहिले. जमलं नाही. मग समोरच्या किनाऱ्यावर अझिरिस इथे सहा वर्षं राहिले. नदी, दोन्ही बाजूंनी झाडीच्या घळी, जागा चांगली. सातव्या वर्षी लिबियन लोक त्यांना म्हणाले, याहून चांगली जागा दाखवतो, चला. त्यांनी ग्रीकांना पश्चिमेकडे नेलं आणि प्रवासाचे तास असे मोजले की त्या मुलखातली सर्वांत सुंदर जागा, इरासा, रात्रीच्या अंधारात ओलांडली जावी. मग एका झऱ्याजवळ नेऊन सांगितलं की इथं राहा, इथं आभाळाला भोक आहे. म्हणजे इथं पाऊस पडतो. सात वर्षं पावसाची वाट पाहिलेल्या थेराच्या माणसांना याहून मोठं आमिष ते काय असणार! तो झरा आजही वाहतो. त्याच्याच भोवती पुढे ॲपोलोचं मंदिर उभं राहिलं.

मी हा प्रसंग विनोद म्हणून सांगायचो. बघा, रानटी समजल्या गेलेल्या लोकांनी चतुर ग्रीकांना कसं फसवलं! लोक हसायचे. आता तो मला त्या अख्ख्या हकिकतीतला सर्वांत गंभीर प्रसंग वाटतो. ही माणसं आपल्या दारात येऊन सहा वर्षं बसली आहेत, हाकलून द्यायची नाहीत, पण उत्तम कुरण त्यांच्या नजरेलाही पडू द्यायचं नाही, आणि पोटापुरतं बरं ठिकाण दाखवून तिथं बसवायचं. यजमानाने केलेला हा हिशोब होता. कुठे शहर वसेल हे बॅटसने ठरवलं नाही, डेल्फीनेही नाही. देवाने ‘लिबिया’ एवढंच सांगितलं होतं. जागा लिबियनांनी ठरवली.

आणि पुढे काय झालं? इथे हिरोडोटस एक साधं वाक्य लिहून जातो, ज्यावरून माझी नजर दर वेळी घसरत गेली होती. बॅटसने चाळीस वर्षं राज्य केलं, त्याचा मुलगा आर्केसिलास याने सोळा, आणि या सगळ्या काळात कुरेनेत माणसं तेवढीच होती जेवढी पहिल्यांदा पाठवली गेली होती.

छप्पन्न वर्षं! दोन पिढ्या दोनशेच्या आसपास ग्रीक त्या पठारावर होते. एवढ्या माणसांनी कुणाची जमीन हिसकावणं शक्य नव्हतं. ती लिबियनांच्या मर्जीने जगत होती. जहाजांवर मुलगे आले होते. बायका इथल्या केल्या, असा तर्क करायला आधार आहे. हिरोडोटसच सांगतो की त्याच्या काळातही कुरेनेच्या बायका गाईचं मांस खात नसत, आणि आजूबाजूच्या लिबियनांतही ते निषिद्ध होतं. नवऱ्यांच्या थेराकडे असला निर्बंध नव्हता. दोनशे वर्षांनंतरही स्वयंपाकघरात आईकडची रीत टिकून होती. चार घोडे जोडलेला रथ ग्रीक लोक लिबियनांकडून शिकले, हेही त्यानेच लिहिलंय. इ.स.पूर्व ४६२ साली कुरेनेचा राजा चौथा आर्केसिलास डेल्फीच्या खेळांत रथशर्यत जिंकला आणि पिंडारने त्याच्यावर दोन मोठी स्तोत्रं रचली. त्या विजयातला अर्धा वाटा लिबियन अस्तबलांचा धरायला हरकत नाही.

या छप्पन्न वर्षांत जे होतं त्याला मी आता ‘शहर’ म्हणायला कचरतो. ती एक वस्ती होती. तिचं शहर झालं ते नातवाच्या, दुसऱ्या बॅटसच्या काळात, इ.स.पूर्व ५७५ च्या सुमारास. कसं झालं, तेही हिरोडोटस लपवत नाही. कुरेनेकरांनी जमीनवाटपाचं निमंत्रण सगळ्या ग्रीकांना दिलं आणि डेल्फीने त्याला जोड दिली: वाटणी होऊन गेल्यावर जो येईल तो पस्तावेल. देववाणीत ‘त्वरा करा’ची जाहिरात यावी, ती अशी. लोंढे आले. जमीन वाटली गेली. ती लिबियनांची होती. त्यांचा राजा अडिक्रान याच्याकडून प्रदेश काढून घेतला गेला, अपमान झाला, तो वेगळाच. त्याने इजिप्तच्या फेरोकडे, ॲप्रीजकडे, धाव घेतली. ॲप्रीजने मोठं सैन्य पाठवलं. ग्रीकांनी पुढे जाऊन इरासाजवळ गाठलं आणि इजिप्शियनांची अशी कत्तल केली की थोडेच घरी पोचले. इजिप्तमध्ये बंड झालं, ॲप्रीजचं राज्य गेलं, अमासिस गादीवर आला.

लढाई इरासाला झाली, हे दोनदा वाचावं. वाटाड्यांनी रात्रीच्या अंधारात लपवून ठेवलेली ती जागा ग्रीकांना दोन पिढ्यांत सापडली होती.

माझ्या या मताला एक अडचण आहे आणि ती मी झाकून ठेवत नाही. कुरेनेच्या पश्चिमेला किनाऱ्यावर टोक्रा इथे १९६३ ते १९६५ या काळात ब्रिटिशांनी उत्खनन केलं. तिथे मिळालेली ग्रीक भांडी इ.स.पूर्व ६२० च्या आसपासपासूनची आहेत. कोरिंथ, रोड्स, कायोस अशा निरनिराळ्या ठिकाणांची. म्हणजे पहिल्या बॅटसच्या हयातीतच ग्रीक किनाऱ्यावर पसरत होते, आणि हिरोडोटसचं ‘माणसं तेवढीच’ अक्षरशः घेता येत नाही. मान्य. पण किनाऱ्यावर ठाणं असणं आणि पठारावरची कुरणं नांगराखाली घेणं यात फार अंतर आहे. शिवाय पुढच्या शतकात मँटिनियाहून बोलावलेल्या डेमोनॅक्सने कुरेनेकरांची तीन गटांत विभागणी केली ती पाहा: थेराकर आणि भोवतालचे रहिवासी हा एक, पेलोपोनीस आणि क्रीटचे लोक हा दुसरा, बेटांवरून आलेले सगळे हा तिसरा. आधी आलेले आणि निमंत्रणावरून आलेले, ही फूट त्या यादीत स्वच्छ दिसते. त्यात ‘भोवतालचे रहिवासी’ थेराकरांबरोबर एकाच गटात आहेत. अनेक अभ्यासक त्यांना लिबियन मानतात, आणि मला ते पटतं. पहिली छप्पन्न वर्षं एकत्र काढलेली माणसं एका गटात जाणार नाहीत तर कुठे?

बिगरथेरा ग्रीकांच्या लोंढ्यानंतर शहराची भरभराट जी झाली ती डोळे दिपवणारी. पठाराचे तीन टप्पे, प्रत्येकाचा हंगाम वेगळा. किनाऱ्याची कापणी संपते तोवर मधला टप्पा पिकतो, मग वरचा. आठ महिने कापणीच चाललेली. आणि सिल्फिअम. हे बडीशेपेच्या कुळातलं रानझाड फक्त याच मुलखात उगवायचं, लागवड करू म्हटलं तर व्हायची नाही. त्याचा चीक मसाल्यात आणि औषधात इतका चाले की कुरेनेने आपल्या नाण्यांवर तेच झाड छापलं: जाड खोबणीदार दांडा, समोरासमोर पानं, वर फुलांचा गोल झुबका. पुढे ते उपटून उपटून संपलं. रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्याच्या काळात सापडलेला एकुलता एक दांडा नीरो बादशहाला भेट पाठवला गेला. त्याच्या जागी रोमच्या स्वयंपाकघरात इराणकडचा दुय्यम प्रतीचा म्हणून जो चीक आला, तो म्हणजे आपल्या फोडणीतला हिंग.

या झाडाबद्दल कुरेनेकरांची एक आख्यायिका होती. डांबरासारखा काळा पाऊस पडला आणि शहर वसण्याच्या सात वर्षं आधी सिल्फिअम उगवलं. म्हणजे ते लिबियनांचं जुनं झाड नाहीच. जणू ग्रीक येणार म्हणून देवाने आगाऊ पेरून ठेवलेलं! पूर्वी मी ही आख्यायिका गोड म्हणून सांगायचो. शिलालेखातली बिनमालकीची जमीन आणि बिनमालकीचं झाड या दोन्ही गोष्टी एकाच गरजेतून आलेल्या आहेत, हे कळल्यापासून ती गोड लागत नाही.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात एक वाडगा आहे. स्पार्टात बनवलेला, इटलीतल्या व्हुल्ची इथे सापडलेला, इ.स.पूर्व ५६० च्या आगेमागेचा. त्यात राजा आर्केसिलास, बहुधा दुसरा, कनातीखाली बैठकीवर बसलाय. बैठकीखाली चित्त्यासारखं जनावर, पाठीमागे सरडा, वर आडव्या वाशावर माकड आणि पक्षी. समोर भलामोठा तराजू लटकलाय. माणसं पोती भरताहेत, तोलताहेत, खालच्या तळघरात रचताहेत. माल लोकर आहे की सिल्फिअम यावर वाद आहे. राजाचं बोट मात्र वजनाकडे आहे, त्यावर वाद नाही. मी हे चित्र समृद्धीचं म्हणून दाखवत असे. याच आर्केसिलासचे भाऊ भांडून निघाले, त्यांनी बार्का वसवलं आणि लिबियनांना बंडाला उभं केलं. त्या लढाईत सात हजार कुरेनेकर हत्यारबंद शिपाई पडले. दोनशेंची वस्ती होती तोवर जे शेजारी झरा दाखवत होते, तेच हे.

माझे एक स्नेही म्हणतात, तुम्ही इंग्रजांवरचा राग ग्रीकांवर काढताय. तसं नाही. थेराला कुरेनेतून एक पै कर जात नव्हता. तीनशे वर्षांनी नागरिकत्वासाठी हात पसरून आली ती थेराच. लंडन आणि कलकत्ता यांचं नातं इथे कुठेच नाही. पण साम्राज्य नसलं म्हणून अडिक्रानची जमीन गेली नाही, असं होत नाही. आणि अडिक्रानची जमीन गेली म्हणून कोरोबिअसची उपासमार किंवा बंदरावरून परतवलेल्या पोरांचे हाल खोटेही ठरत नाहीत. मला आता त्या पोरांबद्दल पूर्वीपेक्षा जास्त कळवळा वाटतो. कौतुक तेवढं कमी झालंय.

एराटोस्थेनिसबद्दलचा आदर तसूभरही घटलेला नाही, हे सांगून टाकतो. नाहीतर कुणी तरी विचारेलच.

फळ्यावर ६३१ मी अजून लिहितो, पण त्यापुढे आता ‘थेराकर आले’ एवढंच असतं. कुरेनेची स्थापना मी दुसऱ्या बॅटसच्या जमीनवाटपात धरतो, इ.स.पूर्व ५७५ च्या आसपास, आणि संस्थापकांच्या रांगेत झरा दाखवणाऱ्या वाटाड्यांना बॅटसच्या आधी उभं करतो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी हिरोडोटसच्या चौथ्या पुस्तकातली १५० ते १५९ ही दहा प्रकरणं एका बैठकीत वाचावीत. लहान आहेत, तासाभरात होतील. मग खुशाल भांडायला या.